हा सिनेमा मुलांना बेसमेंटमध्ये लावून देऊ नका

आपल्या पॉटलकची एक ठरलेली घडी आहे. वर मोठी माणसं, खाली बेसमेंटमध्ये मुलं. खाली एखादं कार्टून लावून दिलं, पिझ्झाचे चार खोके धाडले, की दोन-अडीच तास कुणी जिना चढून येत नाही. वर घरांच्या किमती, ग्रीन कार्डं, राजकारण आणि श्रीखंड निवांत चालू राहतं. कार्टून म्हणजे मुलांचं, आणि मुलांचं म्हणजे आपण पाहायचं नाही, हा हिशेब आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की मंडळाच्या सभेत परवा जे झालं त्याचं आम्हाला नवल वाटलं नाही. वाईट मात्र वाटलं, म्हणून हा लेख.

आम्ही म्हणजे चार घरं. महिन्यातल्या एका शनिवारी आळीपाळीने एकमेकांकडे जमतो, एक सिनेमा पाहतो आणि मग भांडतो. हिवाळ्यातल्या कौटुंबिक कार्यक्रमासाठी आम्ही मंडळाला एक जपानी ॲनिमेशन फिल्म सुचवली होती. तिचं इंग्रजी नाव ‘इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’. आपल्या भाषेत म्हणायचं तर ‘जगाच्या या कोपऱ्यात’. सूचना तीन मिनिटांत निकालात निघाली. एक गृहस्थ म्हणाले, कार्टूनच आहे ना, मग खाली मुलांना लावून द्या, वर आपण भावगीतं ठेवू. एका ताईंचं म्हणणं पडलं की युद्धाचं आहे, मुलं रात्री झोपणार नाहीत, नकोच. तिसऱ्या एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, जपान्यांनी त्या युद्धात जगाचं एवढं वाटोळं केलं, त्यांचंच रडगाणं आपण का ऐकायचं? पहिल्या दोघांना उत्तर देणं सोपं आहे. तिसऱ्यांना देणं सोपं नाही, आणि त्यांनी ते विचारलं हे बरंच झालं.

आधी फिल्मविषयी थोडं. मूळ चित्रकथा फुमियो कोनो यांची (नाव आपल्या कानाला पुरुषी वाटलं तरी या बाई आहेत). त्यांचा जन्म हिरोशिमाचा, पण १९६८ सालचा, म्हणजे बॉम्बनंतर तेवीस वर्षांचा. ही चित्रकथा २००७ ते २००९ या काळात एका नियतकालिकात क्रमशः आली. दिग्दर्शक सुनाओ काताबुची यांनी तिच्यावर सिनेमा करायचं ठरवलं, पण पैसे घालायला कुणी पुढे येईना. शेवटी २०१५ साली त्यांनी लोकांकडे वर्गणी मागितली. ३३७४ जणांनी मिळून ३ कोटी ९० लाख येनांच्या वर रक्कम जमवून दिली. मंडळासाठी वर्गणी मागायला दारोदार फिरलेल्यांना या आकड्याची किंमत कळेल. आपल्या स्मरणिकेत शेवटी देणगीदारांची पानं असतात, तशी या वर्गणीदारांची नावं फिल्मच्या शेवटी येतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये जपानात साठ-पासष्ट थिएटरांत ती लागली. नंतर थिएटरं वाढत गेली आणि एके ठिकाणी तर ती हजाराहून जास्त दिवस चालली. २०१७ साली फ्रान्समधल्या आनसी महोत्सवात तिला परीक्षकांचं पारितोषिक मिळालं.

गोष्ट तशी काहीच नाही. सुझू नावाची एक मुलगी. जन्म १९२५ चा, हिरोशिमाजवळच्या समुद्रकाठच्या एबा गावातला. घरात समुद्रशेवाळ वाळवून विकायचा धंदा. सुझू स्वभावाने वेंधळी, चित्रं मात्र सुरेख काढते. अठराव्या वर्षी, फेब्रुवारी १९४४ मध्ये, तिला स्थळ येतं. जेमतेम ओळखीच्या मुलाशी लग्न होऊन ती वीसेक किलोमीटरवरच्या कुरे नावाच्या बंदरात, डोंगरउतारावरच्या घरी सासरी येते. सासू पायाने अधू, सासरे कारखान्यात, नवरा आरमाराच्या कोर्टात कारकून. भरीला माहेरी परत आलेली तिखट नणंद आणि तिची लहान मुलगी हारुमी. सुझू माहेरी पत्र लिहायला बसते तेव्हा सासरचा पत्ता काय घालायचा हेच तिला विचारावं लागतं. ताण असह्य होऊन तिच्या डोक्यावर एक चाई पडते, पण तोंडातून शब्द निघत नाही. आमच्यातल्या एकीने इथेच सांगून टाकलं की ही माझ्या आईची गोष्ट आहे, फक्त डोंगर कोकणातला हवा.

आणि मग युद्ध. पण ते तोफांच्या आवाजाने येत नाही, चुलीकडून येतं. आम्हाला ही फिल्म थोर वाटते ती या कारणासाठी. साधारण युद्धपटात स्वयंपाकघर असतं ते शूर वीर निघताना बायकोने डोळे पुसावेत म्हणून. इथे कॅमेरा, म्हणजे चित्रकाराचा डोळा, हलतच नाही तिथून. जपानात १९४१ पासून तांदळाचं रेशनिंग होतं, मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३३० ग्रॅम. तेही पुढे पुढे पूर्ण मिळेना, तांदळाऐवजी रताळी आणि काय काय हातावर पडू लागलं. सुझू बांधावरचा पाला गोळा करते. आपण ज्याला तण म्हणून लॉनमधून उपटून टाकतो ते डँडेलियन, चिकवीड वगैरे. कुठलं चिरायचं, कुठलं उकडायचं, कशात थोडा तांदूळ घालायचा, हे सगळं फिल्म इतक्या निगुतीने दाखवते की आमच्यातल्या एकाने वही काढली होती. एका प्रसंगात ती एका जुन्या योद्ध्याच्या नावावर खपवलेली युक्ती करते. तांदूळ आधी भाजायचे, मग पाण्यात रात्रभर भिजत ठेवायचे, म्हणजे ते फुगतात आणि भांडं भरल्यासारखं दिसतं. सकाळी घर खूश होतं. घास घेतल्यावर सगळे गप्प. हे आवडीने खाणारा तो योद्धा खरंच मोठा असला पाहिजे, यावर एकमत होतं. आम्ही मोठ्याने हसलो, आणि हसताना लक्षात येत होतं की आपण उपासमारीवर हसतोय.

साखरेचा प्रसंग तर सांगायलाच हवा. मुंग्यांपासून वाचवायला सुझू साखरेचा वाडगा पाण्याच्या हंड्यात तरंगत ठेवते. वाडगा बुडतो. महिन्याची साखर गेली. सासू रागावत नाही. कुठेतरी दडवून ठेवलेले पैसे काढून देते आणि काळ्या बाजारातून आण म्हणते. तांदळाच्या डब्यात नोटा दडवणाऱ्या सासवा आपण पाहिलेल्या आहेत. त्यामुळे तो प्रसंग आपल्याला जितका कळतो तितका आपल्या अमेरिकन शेजाऱ्यांना कळणार नाही, असं आम्हाला वाटतं. (थोडा गर्व झाला, पण असू दे.)

कुरे हे साधं बंदर नव्हतं. जपानी आरमाराचं मोठं ठाणं होतं ते. ‘यामातो’ ही जगातली सर्वांत मोठी युद्धनौका तिथेच बांधली गेली. ती बंदरात शिरताना नवरा कौतुकाने सुझूला दाखवतो, तिच्यावर २७०० माणसं असतात म्हणतो. सुझूच्या मनात येतं की एवढ्यांचा स्वयंपाक रोज कोण करतं आणि त्यांचे कपडे कोण धुतं? हा प्रश्न कुठल्या सेनापतीने विचारल्याचं आमच्या वाचनात नाही. ही ‘यामातो’ एप्रिल १९४५ मध्ये बहुतेक सगळ्या माणसांसकट बुडाली.

एकदा सुझू डोंगरावर बसून वहीत बंदरातल्या बोटींचं चित्र काढत असते. लष्करी पोलीस तिला हेर समजून घरी आणतात, सगळ्यांसमोर दरडावतात, वही घेऊन जातात. ते गेल्यावर घरातले सगळे कसंबसं दाबून धरलेलं हसू सोडून देतात, कारण आमची ही वेंधळी सून आणि हेर! थिएटरमध्येही लोक हसले असतील. आम्हीही हसलो. आणि इथेच आमच्या ज्येष्ठ सभासदांचा प्रश्न आडवा येतो. येऊ दे.

जपानी सैन्याने अंदमान मार्च १९४२ मध्ये घेतलं. आपल्या घरांतून अंदमान म्हटलं की सेल्युलर जेल आठवतं. फार तर डिसेंबर १९४३ मध्ये नेताजी तिथे गेले ते आठवतं. पण त्यानंतर महिनाभरातच, ३० जानेवारी १९४४ ला, पोर्ट ब्लेअरजवळ होमफ्रेगंज इथे ४४ हिंदी माणसांना हेरगिरीच्या संशयावरून गोळ्या घालून मारलं गेलं. संशय तोच, सैन्य तेच आणि महिने तेच, म्हणजे सुझू लग्न होऊन सासरी यायच्या तयारीत होती तेव्हाचे. तिच्या घरात त्या संशयाचा विनोद झाला. अंदमानात त्याच संशयाने ४४ घरं उजाड केली. आझाद हिंद सेनेमुळे आपल्या मनात जपानविषयी एक हळवा कोपरा आहे. त्या हळव्या कोपऱ्यात होमफ्रेगंजला सहसा जागा मिळत नाही. तेव्हा सभासदांचं म्हणणं आम्ही झटकून टाकत नाही. जपान्यांनी चीनमध्ये, कोरियात, सिंगापुरात काय केलं हे ज्यांनी भोगलं त्यांना या फिल्ममधल्या नाजूक रंगांचा राग येणं समजण्यासारखं आहे.

पण फिल्मला हे माहीत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. १५ ऑगस्ट १९४५. सम्राटाचं भाषण रेडिओवर येतं, शरणागती जाहीर होते. तोवर सुझूचा भाऊ गेलेला असतो. त्याच्या नावाने घरी आलेल्या डब्यात एक दगड निघतो. हारुमी गेलेली असते, बॉम्बहल्ला संपल्यावर उशिरा फुटलेल्या बॉम्बने, सुझूचा हात धरून चालता चालता. त्याच स्फोटात सुझूचा उजवा हात जातो, चित्र काढणारा. मूळ चित्रकथेत त्यानंतरची पार्श्वभूमीची चित्रं कोनोबाईंनी स्वतः डाव्या हाताने काढली आहेत. अशी ही सुझू रेडिओ ऐकून सुटकेचा श्वास टाकत नाही, संतापते. मग हे सगळं कशासाठी होतं, म्हणून बाहेर धावते. आणि खाली गावात एका घरावर एक वेगळं निशाण वर चढताना दिसतं. ते कोरियाचं. कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यात होता, आणि कोरियन माणसं या बंदरात राबत होती. दोन तासांत त्यांचा उल्लेख नाही, कारण सुझूला ती कधी दिसलीच नव्हती. त्या क्षणी तिला कळतं की आपण ज्या तांदळावर आणि सोयाबीनवर वाढलो तो समुद्रापलीकडून आला होता. म्हणजे आपलं हाडमांसच दुसऱ्याकडून हिसकावलेल्या धान्याचं आहे. मूळ चित्रकथेत हे वाक्य वेगळं होतं. तिथे ती सरळ देशाच्या दंडेलीबद्दल बोलते. दिग्दर्शकाने ते ताटापर्यंत आणलं, कारण ही बाई राजकारण नाही, ताट जाणते. आम्हाला हा बदल पटला. कोरिया आणि तैवानचा तांदूळ त्या काळी खरोखरच जहाजं भरभरून जपानला जात होता, आणि भात पिकवणारा कोरियन शेतकरी स्वतः मांचुरियातून आलेलं भरड धान्य खात होता.

दुसऱ्याच्या धान्याची गोष्ट आपल्यालाही परकी नाही. आपल्यापैकी जे साठ-सत्तरच्या दशकात महाराष्ट्रात लहान होते त्यांनी रेशनवरचा तांबडा गहू खाल्लेला आहे. तो पीएल-४८० चा, अमेरिकेतून आलेला. १९७२ च्या दुष्काळात जी मिलो नावाची लाल ज्वारी खाल्ली, जिची भाकरी थापता थापता आया रडकुंडीला यायच्या, तीही इथलीच. इथे ती गुरांना घालतात हे इथे आल्यावर कळलं. १९६६ च्या सुमाराला अध्यक्ष जॉन्सन गव्हाची जहाजं हात राखून सोडत होते, आणि दिल्लीने व्हिएतनाम युद्धावर टीका केली याचा राग त्यात होता, ही नोंदलेली गोष्ट आहे. म्हणजे दादरच्या रेशनच्या रांगेत पिशवी घेऊन उभं असलेलं पोर व्हिएतनामच्या युद्धाशी त्या पिशवीने बांधलेलं होतं. त्या पोराला ते ठाऊक नव्हतं, सुझूलाही नव्हतं.

सिनेमा संपल्यावर आमच्यातल्या एका घरच्या नववीतल्या मुलीने विचारलं, “ती विमानं आपली होती?” ती मराठीत बोलली, म्हणून हा घोटाळा झाला. इंग्रजीत दोघांनाही एकच शब्द चालतो. मराठीत ‘आम्ही’ वेगळे आणि ‘आपण’ वेगळे, आणि ती ‘आपली’ म्हणाली. कुरेवर बॉम्ब टाकणारी बी-२९ विमानं अमेरिकेची. ती इथे जन्मली, पासपोर्ट इथला, तेव्हा तिच्या बाजूने ‘आपली’ बरोबर. तिच्या पणजोबांच्या पिढीतले पंचवीस लाख हिंदी सैनिक दोस्तांच्या बाजूने लढले, त्यात इटलीपर्यंत गेलेले मराठा पलटणीचे जवान होते, तेव्हा त्या अर्थानेही ‘आपली’. पण त्याच वेळी आझाद हिंद सेना जपानच्या बाजूने इंफाळच्या वाटेवर होती, मग? खोलीतल्या आठ मोठ्या माणसांना एका वाक्यात उत्तर देता येईना. आमच्या मते मुलांना सिनेमा दाखवायचं हे एक कारण पुरेसं आहे. घरात जे प्रश्न एरवी कुणी विचारत नाही ते तो विचारायला लावतो.

दुसरं कारण, आपण मुलांना युद्ध दाखवतोच आहोत, फक्त निवडून दाखवतो. भारतातून आई-वडील आले की आपण त्यांना वॉशिंग्टनला नेतो. डलेस विमानतळाजवळ विमानांचं जे भव्य संग्रहालय २००३ साली उघडलं तिथेही नेतो, कारण पार्किंग सोपं आणि फिरायला सपाट. तिथे ‘एनोला गे’ उभं आहे, हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं तेच विमान, चकचकीत चंदेरी. त्याच्यासमोर फोटो काढलेले किती तरी मराठी अल्बम आहेत. १९९५ साली त्या विमानाभोवती बॉम्बच्या परिणामांचं प्रदर्शन मांडायचं ठरलं होतं. माजी सैनिक आणि काँग्रेसमधले सदस्य खवळले, प्रदर्शन गुंडाळलं गेलं आणि संग्रहालयाच्या संचालकांना पद सोडावं लागलं. २००३ साली विमान नव्या जागी मांडलं तेव्हा पाटीवर त्याची लांबी-रुंदी होती, खाली मेलेल्यांचा आकडा नव्हता, आणि त्यावरून पुन्हा वाद झाला. हिरोशिमात १९४५ अखेरपर्यंत साधारण १ लाख ४० हजार माणसं मेली असं मानलं जातं. फिल्मची सुरुवात त्या शहरातल्या नाकाजिमा नावाच्या पेठेत होते. लहानगी सुझू शेवाळ पोचवायला तिथे येते, नाताळचे दिवस आहेत, दुकानं सजली आहेत. काताबुचींनी त्या पेठेतलं एकेक दुकान जुने फोटो शोधून आणि वाचलेल्या जुन्या रहिवाशांना विचारून काढलं आहे. आज तिथे शांतता उद्यान आहे. बागच आहे म्हणून लोक समजतात की बॉम्ब बागेवर पडला. तिथे पेठ होती, दुकानं होती, आणि कुणी तरी उधारीवर शेवाळ घेणारंही असणार. ज्या पोराने विमान पाहिलं त्याला ही पेठही पाहू द्या, एवढंच आमचं मागणं.

आता ‘मुलं घाबरतील’ याविषयी. इथे फिल्मला पीजी-१३ दर्जा आहे, तो योग्य आहे, आणि आम्हीही बारा-तेरा वर्षांखालच्यांना दाखवा म्हणत नाही. हारुमीचा मृत्यू काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या रेघोट्यांनी दाखवला आहे, रक्त नाही. शेवटाकडे हिरोशिमातल्या एका आईचं आणि तिच्या लेकीचं दृश्य कठीण आहे, ते आधी सांगून ठेवावं. पण ताई, आपली मुलं पहिलीपासून शाळेत लॉकडाऊनची कवायत करतात. दिवा मालवून, टेबलाखाली, आवाज न करता कसं बसायचं हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं येतं. सुझूच्या आळीत दहा-दहा घरांचे गट करून बादल्यांनी आग विझवायची आणि खंदकात उतरायची कवायत होते, ती पाहून आमची मुलं बिचकली नाहीत, त्यांना ती ओळखीची वाटली. घाबरलो आम्ही, त्यांचं ते ओळखणं पाहून.

‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ ही १९८८ ची फिल्म काहींनी पाहिली असेल. ती माणसाला पिळवटून टाकते, आणि पुन्हा पाहायला कुणी धजत नाही. आमच्यात यावर दोन तट आहेत, पण बहुमत असं की घरच्यांनी मिळून पाहायला सुझूच बरी. तिथे रडू एकदाच येतं आणि चूल रोज पेटते. शरणागतीच्या रात्री सासू जपून ठेवलेला पांढरा तांदूळ शिजवायला काढते, आणि सगळा मात्र नको म्हणते, उद्या आहे, परवा आहे. त्याच रात्री दिव्यावरचं काळं फडकं निघतं आणि गावात खिडक्या उजळतात.

त्या काळ्या फडक्यावरून आमच्याकडे तासभर बोलणं चाललं. डिसेंबर १९७१ मध्ये मुंबईत ब्लॅकआउट होता. खिडक्यांच्या काचांना काळे कागद, मोटारींचे अर्धे दिवे काळे रंगवलेले, आणि कुणाच्या घरातून उजेड दिसला की खालून आरोळी. आमच्यातले तिघे तेव्हा शाळकरी होते. पन्नास वर्षांत मुलांना हे कधी सांगितलंच नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही घडलं असं वाटलंच नाही. मग दादरला फोन लागला. आमच्यातल्या एकाच्या आई आता नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांना १४ एप्रिल १९४४ आठवतो. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज फुटलं तो दिवस. दारूगोळा, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा एकाच बोटीत भरलेल्या. शेकडो माणसं मेली, आगी कित्येक दिवस चालल्या, आणि भारतात अजून १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यामुळे. आजींना मात्र सोन्याच्या विटा आठवत नाहीत. चाळीतली तावदानं थरथरली आणि फळीवरची लोणच्याची बरणी पडली, हे आठवतं. बरणी पडली म्हणून त्यांच्या आईने डोकं धरलं होतं, कारण तेल रेशनवर होतं. नातवाने हे फोनवर ऐकलं आणि म्हणाला, अगदी साखरेच्या वाडग्यासारखं. आजींनी सिनेमा पाहिलेला नाही.

शेवटचं कारण थोडं कडू आहे. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान यांच्यात चार दिवस चकमकी झाल्या तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप गटांवर काय चाललं होतं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. दहा-बारा हजार किलोमीटरवरून, एसीत बसून, शहरंच्या शहरं बेचिराख करा म्हणणारे संदेश फिरत होते. त्याच रात्री जम्मूत आणि अमृतसरमध्ये दिवे मालवून लोक बसले होते. देशावर हल्ला झाला तर चीड येणं साहजिक आहे, ती नसावी असं आम्ही म्हणत नाही. पण बेचिराख म्हणजे कुणाचं काय, हे ज्याला कधी दिसलेलं नाही त्याच्या तोंडी तो शब्द फार हलका होतो. आपण परदेशात राहणारे लोक युद्धाच्या बाबतीत कायम प्रेक्षक आहोत, आणि प्रेक्षकाला काही द्यावं लागत नाही. १९४२ साली याच देशात जपानी वंशाच्या साधारण १ लाख २० हजार माणसांना घरातून उचलून छावण्यांत ठेवलं. त्यातले दोन-तृतीयांश इथले नागरिक होते, आपल्या मुलांसारखेच. प्रेक्षकाची खुर्ची कायमची मिळते असा कुणाचा समज असेल तर त्यांचा इतिहास वाचावा. सरकारने त्यांची माफी मागितली ती १९८८ मध्ये.

जाता जाता, १५ ऑगस्टला आपण झेंडावंदन करतो. ती तारीख माउंटबॅटन यांनी निवडली, कारण जपानच्या शरणागतीचा तो दुसरा वाढदिवस होता. सुझू ज्या दिवशी मळ्यात बसून रडते तोच दिवस आपण पेढे वाटून साजरा करतो. मुलांना हेही सांगता येईल.

मंडळाने कार्यक्रम ठेवला नाही तरी आम्ही ठेवतो आहोत. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी एक वाजता, आमच्यातल्या एका घरी, वर, दिवाणखान्यात, सगळ्यांनी मिळून. फिल्म दोन तास नऊ मिनिटांची आहे. २०१९ ची वाढवलेली आवृत्ती आणखी मोठी आहे, ती आत्ता नको. आवाज जपानीच ठेवणार, खाली इंग्रजी अक्षरं येतील. ती भराभर जातात आणि ज्येष्ठांना वाचता येत नाहीत, म्हणून आमच्यातला एक जण मागच्या रांगेत बसून हळू आवाजात मराठीत सांगेल. ज्या ज्येष्ठ सभासदांनी सभेत प्रश्न विचारला त्यांना आम्ही फोन केला आहे. ते येतो म्हणाले, पण नंतर बोलणार असंही म्हणाले. त्यांच्यासाठी पुढची खुर्ची राखून ठेवली आहे. बारा वर्षांखालच्या मुलांची सोय शेजारच्या घरी केली आहे. जेवण साधं, भात, आमटी, एक पालेभाजी. कुणी काही करून आणू नये. ज्या आजी-आजोबांना गाडीची गरज आहे त्यांनी गुरुवार संध्याकाळपर्यंत कळवावं, रस्त्यावर बर्फ असेल तर वेळ बदलू.